सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट ठीक नाही: जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ३६, आठ महिन्यांपूर्वी काहीतरी बाधलं, तीन दिवस सडकून जुलाब झाले, ते थांबले पण पोट काही पूर्वपदावर आलं नाही. सकाळी तीन-चारदा जावं लागतं, जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, कधी लेंड्या, कधी पातळ, मधूनच आव पडते, संध्याकाळपर्यंत पोट डब्ब होतं. कळ येते आणि जाऊन आलं की तेवढ्यापुरती थांबते. रक्ताची तपासणी, शौचाची तपासणी, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, सगळं झालं आणि सगळं नॉर्मल. दोन डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" सांगून घरी पाठवलं. आता रोज संडासात वाकून बघणं, फोटो काढणं, रात्री तासभर गूगल. दूध, गहू, कांदा, डाळी असं करत करत सात गोष्टी बंद केल्या, चार किलो वजन उतरलं. आणि विचारलंय तीन गोष्टींबद्दल: कॅन्सर नजरेतून सुटला असेल का, कोलोनोस्कोपी परत करू का, आणि हे सगळं माझ्या डोक्यात आहे का.

तिसऱ्यापासून सुरू करते कारण तोच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेला दिसतोय. नाही, डोक्यात नाही, पोटातच आहे. पण डोक्याचा त्याच्याशी काही संबंध नाही असंही नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा हे समजावायला ओपीडीत वेळ नसतो म्हणून "टेन्शन घेऊ नका" हे वाक्य येतं, आणि पेशंटला ऐकू येतं "नाटकं करताय". सुरुवातीच्या वर्षांत मीही हेच म्हणायचे. आता नाही म्हणत, कारण त्या वाक्यानं कुणाचं टेन्शन कमी झालेलं मी वीस-बावीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही.

आत काय होतं ते सांगते. जोरदार इन्फेक्शननंतर साधारण दहातल्या एकाचं पोट असं रेंगाळतं. जंतू केव्हाच निघून गेलेले असतात म्हणून तपासणीत काही सापडत नाही, पण आतड्याच्या नसा हुळहुळ्या होऊन बसतात. भाजलेल्या कातडीला नंतर कोमट पाणीही कसं चटकतं, तसं. एरवी आतड्यातून गॅस सरकला, जेवणानंतर आतडं आवळलं तर आपल्याला पत्ताही लागत नाही, आता तेच कळ म्हणून जाणवतं. यावर प्रयोगही झालेत, गुदाशयात छोटा फुगा ठेवून हळूहळू हवा भरतात, आणि ही तक्रार असलेल्या बऱ्याच जणांना, सगळ्यांना नाही पण बऱ्याच जणांना, इतरांपेक्षा कमी हवेतच दुखायला लागतं. म्हणजे दुखणं खरं आहे, मोजता येतं, फक्त ते कॅमेऱ्याला दिसत नाही. कोलोनोस्कोपी अस्तराचा रंग-रूप बघते, नसांचा स्वभाव बघत नाही. या सगळ्याला आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणतात. निदानासाठी २०१६ पासून जे निकष वापरतात ते साधेच आहेत: गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून निदान एक दिवस पोटदुखी, आणि तिचा संबंध शौचाला जाण्याशी, किती वेळा जातो त्याच्याशी किंवा शौच कसं होतं त्याच्याशी, यातल्या निदान दोन गोष्टींशी, आणि त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले. तुमचं वर्णन यात बऱ्यापैकी बसतं. बसतं म्हणतेय, आहेच म्हणत नाही, कारण मी तुम्हाला तपासलेलं नाही.

आता डोक्याचा संबंध. आतड्याच्या भिंतीत स्वतःच्या १० कोटींहून जास्त मज्जापेशी असतात आणि मेंदूशी त्यांचं दोन्ही बाजूंनी बोलणं चालू असतं. १९व्या शतकाच्या अगदी शेवटी अमेरिकेत वॉल्टर कॅनन नावाचा संशोधक मांजरांना बिस्मथ मिसळलेलं खाणं देऊन क्ष-किरणांखाली जठराची हालचाल बघत होता. मांजर चिडलं किंवा घाबरलं की जठर जागच्या जागी थांबायचं, शांत झालं की परत चालू. माणसात ताणाच्या वेळी वर जठर मंदावतं आणि खाली मोठं आतडं घाई करतं, म्हणून परीक्षेच्या सकाळी खाणं नकोसं होतं आणि संडासला मात्र तीनदा जावं लागतं. आपल्या भाषेला हे आधीपासून माहीत आहे, भीतीनं आपल्या पोटात गोळाच येतो, डोक्यात नाही येत.

तर माझ्या मते तुमचे आजार दोन आहेत. एक, इन्फेक्शननंतर हुळहुळं झालेलं आतडं. दुसरं, त्या आतड्यावर बसवलेला चोवीस तासांचा पहारा. पहिल्याला औषधपाणी आहे, वेळही लागतो. दुसरा मात्र पहिल्याला बरंच होऊ देत नाही, कारण ज्या जागेकडे तुम्ही सतत लक्ष देता तिथल्या नसांचा आवाज मेंदू वाढवून ऐकतो, आणि घाबरलं की आतडं आणखी घाई करतं, घाई केली की सकाळी आणखी पातळ, ते बघून आणखी भीती. आठ महिने हे चाक फिरतंय.

पण पहारा उठवायचा तर आधी घरात खरंच चोर नाही याची एकदा नीट खात्री करायला हवी, आणि ही खात्री शब्दांनी नाही होत, तपासून होते. इथे माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी संध्याकाळच्या गर्दीत एक पन्नाशीचे गृहस्थ आले, मूळव्याध जुनीच आहे, परत रक्त पडतंय म्हणाले. मी बोटानं तपासलं नाही, मलम लिहून दिलं. चार महिन्यांनी आले तेव्हा हिमोग्लोबिन आठच्या आसपास आणि गाठ गुदाशयात, बोटाला सहज लागेल इतक्या अंतरावर. ऑपरेशन झालं, ते आज बरे आहेत, पण ते चार महिने माझे होते. तेव्हापासून रक्ताची तक्रार असेल तर तपासल्याशिवाय मी मलम लिहीत नाही, पेशंट लाजला तरी. म्हणून मी कुणालाही "उगाच घाबरताय" असं आधी म्हणत नाही, आधी बघते.

काय बघते? शौचातून रक्त, मुद्दाम काही न करता वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी आणि त्यातही लोह कमी, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा दुखणं, रेंगाळणारा ताप, पोटात हाताला लागणारी गाठ, जवळच्या नात्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स (हे दोन्ही आतड्याच्या सुजेचे आजार) किंवा सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार), आणि पंचेचाळीस-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच बदललेली सवय. यातलं एक जरी असलं तर इंटरनेटवर वाचत बसायचं नाही, तपासून घ्यायचं. रात्रीचा मुद्दा लोकांना कमी माहीत असतो. आयबीएसचं पोट सहसा तुमच्याबरोबर झोपतं. आधीच जाग आली आणि मग पोटाकडे लक्ष गेलं हे वेगळं, आणि गाढ झोपेतून धावत जावं लागलं हे वेगळं. तुमचं कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते स्वतःशी तपासा.

तुमच्या यादीत एक गोष्ट मला टोचते, ते चार किलो. सात पदार्थ बंद केल्यावर वजन उतरणारच, बहुधा तेच कारण आहे, पण "बहुधा" वर सोडायचं नाही. खाणं परत वाढवा, आणि दीड-दोन महिन्यांत वजन थांबतं किंवा चढतं का बघा, आठवड्यातून एकदाच मोजून, रोज नाही. पोटभर खाऊनही उतरतच राहिलं तर तो पुरावा झाला, मग डॉक्टरांना परत गाठायचं.

दुसरी गोष्ट गव्हाची. सिलिॲकची रक्ततपासणी झाली असेल तर ती गहू बंद करायच्या आधी झाली की नंतर हे आठवा. ही टेस्ट गव्हातल्या ग्लूटेनविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते, गहूच बंद केला तर ती कमी होत जातात आणि आजार असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. बंद केल्यानंतर झाली असेल तर साधारण सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणात गहू खाऊन मग परत करायची असते, पण हे डॉक्टरांना विचारून. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे तरी लोक आधी गहू सोडतात आणि मग टेस्ट करतात, आणि यात त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तिसरी टेस्ट कॅलप्रोटेक्टिन, शौचाचीच असते. आतड्याला सूज असेल तर पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. दर ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर सुजेचा आजार असण्याची शक्यता फारच कमी. फक्त त्या सुमाराला अंगदुखी-डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या असतील तर आकडा उगाच वर जातो, म्हणून थोडं जास्त आलं की लगेच घाबरायचं नाही, गोळ्या थांबवून परत बघायचं. थायरॉईड झालं नसेल तर तेही एकदा. याउलट सीईए नावाचा ट्यूमर मार्कर स्वतःच्या समाधानासाठी करू नका, तो कॅन्सर शोधायची चाचणी नाही, झालेल्या कॅन्सरवर लक्ष ठेवायला वापरतात, आणि सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये कॅन्सर नसतानाही वाढलेला दिसतो. शंभर पदार्थांची "फूड सेन्सिटिव्हिटी" यादी देणाऱ्या आयजीजी टेस्टही तशाच, तुम्ही जे नेहमी खाता त्याचीच प्रतिद्रव्यं त्यात दिसतात. मग लोक आणखी दहा पदार्थ सोडतात.

आता संडासात जे दिसतं त्याबद्दल, कारण तुमचा अर्धा प्रश्न त्याबद्दलच आहे. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, हे सगळं नॉर्मलमध्ये मोडतं. रोज सकाळी एकदाच, ठरल्या वेळी, केळ्यासारखं झालं पाहिजे हा नियम कुणी केला मला माहीत नाही, आतड्यानं तरी केलेला नाही. १९९७ मध्ये ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी मांडलेला सात प्रकारांचा तक्ता आहे, १ म्हणजे कडक लेंड्या, ७ म्हणजे नुसतं पाणी, ३-४ सगळ्यात सुखाचे. हा तक्ता खरंतर अन्नाला आतड्यातून जायला किती वेळ लागला याचा अंदाज द्यायला आहे. मोठ्या आतड्यात जास्त वेळ राहिलं तर पाणी शोषलं जाऊन कडक, घाईनं गेलं तर पातळ, एवढंच. शिवाय मोठ्या आतड्यातून जायलाच सरासरी दीडएक दिवस लागतो, तीन दिवसांपर्यंतही नॉर्मल, त्यामुळे आज सकाळी जे दिसलं ते काल रात्रीच्या जेवणाचं नसण्याची शक्यता जास्त, आणि "काल अमुक खाल्लं म्हणून आज असं झालं" हा तुमचा हिशोब बहुतेक वेळा चुकीच्या दिवसाला लागतो. जेवल्या जेवल्या जावं लागतं म्हणजे खाल्लेलं तसंच बाहेर पडतंय असंही नाही. पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला खाली जागा कर असा निरोप जातो, सकाळी हा निरोप सगळ्यात जोरात असतो, कॉफीनं काही जणांत काही मिनिटांत.

आव म्हणजे चिकट शेंबडासारखं, ती आतड्याचं अस्तर वंगण म्हणून रोजच तयार करतं, आतडं चिडलं की जास्त. रक्ताशिवाय नुसती आव म्हणजे काही भयंकर नाही. एखाद्या दिवशी पेन्सिलीसारखं बारीक झालं म्हणजे गुदद्वाराचा स्नायू त्या दिवशी आवळलेला होता, बस. बीटानं लाल, लोहाच्या गोळ्यांनी काळपट हिरवं होतं. डांबरासारखं काळं, चिकट आणि घाण उग्र वासाचं झालं तर मात्र ते वरच्या भागातलं रक्त असू शकतं, तेव्हा त्याच दिवशी दवाखाना, उद्या नाही. पांढुरकं मातीसारखं सतत होत असेल आणि लघवी गडद असेल तर पित्तनलिकेकडे बघावं लागतं.

"पोट साफ होत नाही" याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण माझ्याकडे येणारं हे सगळ्यात कॉमन वाक्य आहे आणि याच्यामुळे लोक सगळ्यात जास्त चुका करतात. साफ न झाल्याची भावना म्हणजे आत काहीतरी शिल्लक आहेच असं नाही. गुदाशय हुळहुळा असेल तर तो रिकामा असतानाही भरल्याचा निरोप पाठवतो. मग माणूस परत जाऊन बसतो, कुंथतो, कुंथल्यानं तिथलं अस्तर आणखी सुजतं, सुजलेलं अस्तरच आता "काहीतरी आहे" असं वाटायला लावतं, परत जातो. चार फेऱ्यांतल्या पहिलीतच बहुतेक सगळं झालेलं असतं. तुम्ही एक आठवडा नुसतं एवढं करून बघा: खरी कळ आली की लगेच जा, टाळू नका, पण दहा मिनिटांच्या वर बसू नका, फोन बाहेर ठेवा, आणि उठल्यावर "अजून थोडं आहे" वाटलं तर अर्धा तास दुसऱ्या कामात घालवा. बऱ्याचदा ती भावना विरून जाते.

बसण्याची पद्धतही बघा. गुदाशयाभोवती एक स्नायू गोफणीसारखा असतो, एरवी तो नळी पुढे ओढून तिला बाक देऊन ठेवतो म्हणजे गळती होत नाही, उकिडवं बसलं की तो सैल होतो आणि वाट सरळ होते. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल, गुडघे कमरेच्या वर, किंचित पुढे वाकून. श्वास रोखून जोर लावायचा नाही, उलट पोट जरा फुगवून श्वास सोडत बसायचं. काही लोकांचा तो स्नायू जोर लावताना सैल व्हायच्या ऐवजी उलटा आवळतो, हे त्यांना स्वतःला कळत नाही, बोटानं तपासताना लगेच कळतं. अशांना औषधानं फार फरक पडत नाही, बायोफीडबॅक नावाचं शिकवणं असतं, मशीनवर स्नायू कधी आवळतोय ते बघत बघत सोडायला शिकायचं, आणि ते चांगलं लागू पडतं. तुम्हाला तासन् तास कुंथावं लागत असेल, बोटाची मदत घ्यावी लागत असेल तर हे नक्की विचारा.

पोट फुगण्याबद्दल एक गमतीची गोष्ट. दिवसातून दहा-वीस वेळा वारा सरणं नॉर्मल आहे, हे ऐकून अर्ध्या लोकांचा प्रश्न तिथेच सुटतो. पण तुमच्यासारखं ज्यांचं पोट सकाळी सपाट आणि संध्याकाळी डब्ब होतं, त्यांचं स्कॅन करून बघितलं तर बऱ्याच जणांत गॅस फारसा वाढलेला नसतो. होतं असं की आतला थोडासा ताण जाणवला की पडदा, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू, खाली दाबला जातो आणि पोटाचे पुढचे स्नायू ढिले पडतात, मग आहे तेच पोट पुढे येतं. म्हणून संथ, पोटानं श्वास घ्यायचा सराव इथे खरंच उपचार आहे, नुसता मनाच्या शांतीसाठी नाही. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं, हात पोटावर, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ. शुगर-फ्री च्युइंगम खात असाल तर ते बंद करा, त्यातलं सॉर्बिटॉल आतड्यात नीट शोषलं जात नाही, गॅसही होतो आणि पातळही होतं.

खाण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. तुम्ही एकदम सात गोष्टी सोडल्यात, त्यातली खरी गुन्हेगार कदाचित एक असेल, कदाचित एकही नसेल, आणि आता ते कळायला मार्गच उरला नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठानं पुढे आणलेलं लो-फॉडमॅप नावाचं पथ्य आहे, त्यात आतड्यात आंबणारी ठरावीक कर्बोदकं, कांदा, लसूण, गहू, दूध, बऱ्याच डाळी, काही फळं, दोन ते सहा आठवडेच कमी करतात. लोक इथेच थांबतात आणि जन्मभर तसंच खातात. खरं काम पुढे आहे: एकेक गट तीन-तीन दिवस परत आणायचा, वाढवत न्यायचा, नोंद करायची, जे सोसतं ते कायम परत खायचं. आहारतज्ज्ञाबरोबर केलेलं बरं. तुमचं वजन उतरलेलं आहे तेव्हा तुम्ही आता आणखी काही सोडायचं नाही, तुमचा टप्पा परत आणण्याचा आहे. सुरुवात डाळींनी करा, थोड्या, मऊ शिजवलेल्या. दुधाचं म्हणाल तर जगातल्या बहुसंख्य मोठ्या माणसांना दुधातली साखर पूर्ण पचत नाही, पण त्यातल्या बहुतेकांना एखादा कप जेवणाबरोबर चालतो, आणि दही त्याहून सोपं जातं.

फायबर वाढवा असं सगळे सांगतात पण कुठलं ते सांगत नाहीत. २००९ मध्ये २७५ रुग्णांवर झालेल्या एका डच अभ्यासात इसबगोलानं आयबीएसचा त्रास कमी झाला, कोंड्यानं तसा फायदा झाला नाही आणि कोंडा घेणारे बरेच जण त्रास वाढला म्हणून मधेच सोडून गेले. इसबगोल पाणी धरून ठेवतो म्हणून कडकालाही मऊ करतो आणि पातळालाही बांधतो, तुमच्यासारख्या दोन्हीकडे हेलकावणाऱ्यांना म्हणूनच बरा पडतो. एक छोटा चमचा भरपूर पाण्याबरोबर, आठवड्यानं थोडा वाढवायचा. पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेतले तर पोट फुगेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

औषधांची यादीही एकदा डॉक्टरांसमोर ठेवा. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधानं आणि मॅग्नेशियमवाल्या ॲन्टासिडनं पातळ होतं, लोह, कॅल्शियम आणि कोडीनसारख्या वेदनाशामकांनी घट्ट होतं. पित्ताशय काढलेलं असेल तर पित्ताम्लामुळे जुलाब होऊ शकतात, त्याचं औषध वेगळं आहे. कळ कमी होण्यासाठी पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल किंवा आतडं सैल करणाऱ्या गोळ्या चालतात, छातीत जळजळ असेल तर पेपरमिंटनं ती वाढू शकते. आणि डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन लिहून दिलं आणि नेटवर "डिप्रेशनचं औषध" वाचून तुम्ही चिडलात, तर थांबा. इथे ते अगदी कमी डोसमध्ये नसांचा आवाज खाली आणायला देतात. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात १० ते ३० मिलिग्रॅमनं सहा महिन्यांत औषधाच्या नावाखाली दिलेल्या, आत औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा चांगला फरक पडला. तोंड कोरडं पडतं, झोप येते, काहींना घट्ट होतं, म्हणून कुणाला द्यायचं हे माणूस बघून ठरतं.

आता पहाऱ्याकडे. माझ्या एका पेशंटच्या फोनमध्ये हजाराच्या वर फोटो होते, फोल्डरला नाव "हवामान", म्हणजे बायकोनं चुकून बघितलं तरी कळू नये. रोज सकाळी त्या दिवसाचा फोटो कालच्याशी, गेल्या महिन्याशी ताडून बघायचा. मी विचारलं की या हजार फोटोंनी एकदा तरी काही निर्णय घेतलात का, औषध बदललं, डॉक्टर बदलला, काहीही? गप्प बसला. तपासणं आणि पहारा देणं यातला फरक मी इथेच करते, तपासल्यावर निर्णय होतो, पहाऱ्यातून फक्त पुढचा पहारा निघतो. गूगलचंही तेच. शोधल्यावर दहा मिनिटं हायसं वाटतं, मग नवीन शंका, आणि ते दहा मिनिटांचं हायसं वाटणंच तुम्हाला उद्या परत शोधायला लावतं.

त्याला एकदम बंद करायला सांगितलं नाही, जमत नसतं. आधी फोटो बंद, बघणं चालू. मग एक नजर, रक्त आणि डांबरी काळं एवढंच शोधायचं, फ्लश, बाहेर. नोंद ठेवायचीच तर आठवड्यातून एकदा, रविवारी, तीन ओळी: किती दिवस दुखलं, किती दिवस कामात अडथळा आला, कुठला पदार्थ परत आणला. शंका आली की लगेच गूगल न करता कागदावर लिहायची आणि डॉक्टरांच्या पुढच्या तारखेला विचारायची. पहिले दोन आठवडे त्याची घालमेल वाढली, फोन करायचा मला, आणि मी मुद्दाम "काही नाही हो" असं म्हणत नव्हते, "रविवारी लिहा" एवढंच. चौथ्या महिन्यात आला तेव्हा त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं की त्या सकाळी कसं झालं. पोट पूर्ण बरं झालं नव्हतं, आजही कधीमधी बिघडतं. भीती इतकी घट्ट असेल की हे एकट्यानं जमत नाही, तर सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धत, करणारा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. आतड्यासाठीचं संमोहनही चेष्टेचा विषय नाही, १९८४ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी त्याचा पहिला चांगला अभ्यास केला आणि तेव्हापासून ते वापरात आहे.

राहिला कॅन्सर आणि कोलोनोस्कोपी. आयबीएसचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही. तरुणांमध्ये या कॅन्सरचं प्रमाण वाढतंय हे तुम्ही वाचलंय ते खरं आहे, अमेरिकेत त्यामुळेच २०२१ मध्ये तपासणी सुरू करायचं वय ५० वरून ४५ वर आणलं, तेव्हा तुमची भीती हवेतली नाही. पण साध्या पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेल्या छोट्या वाढीचा, कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, म्हणून नीट झालेली नॉर्मल कोलोनोस्कोपी, घरात कुणाला नसेल तर, दहा वर्षं चालते. "नीट झालेली" म्हणजे काय ते तुमच्या रिपोर्टवरच लिहिलेलं असतं. दोन गोष्टी शोधा: सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीपर्यंत, दुर्बीण पोचली का, आणि आतडं साफ झालेलं होतं का, चांगलं, बरं की वाईट. दोन्ही चांगलं असेल तर सहा महिन्यांनी परत करायची काही गरज नाही, वर लिहिलेल्या धोक्याच्या खुणांपैकी नवीन काही आलं तरच. तयारी वाईट लिहिली असेल किंवा सीकम गाठलं नसेल तर मात्र परत करा असं मीच सांगेन. बायोप्सी घेतली होती का तेही बघा, सतत पाण्यासारखे जुलाब असतील तर दिसायला नॉर्मल आतड्यातूनही तुकडे घ्यावे लागतात.

तेव्हा आज रात्री गूगलऐवजी तो रिपोर्ट काढा आणि या तीन ओळी बघा. सिलिॲकची तारीख आणि रात्री झोपेतून उठावं लागतं का हेही कळवा, मग पुढचं सांगते. सकाळी ओपीडी असते, उत्तराला एखादा दिवस इकडेतिकडे होईल.